बिल्डरवर बातमी करताना फोनवरची पाळत आणि धमक्यांपासून स्वतःला कसं वाचवायचं?

एका पुनर्विकास प्रकल्पातल्या घोळावर तुमचं काम चालू आहे, अनोळखी नंबरवरून दम देणारे फोन येतायत आणि फोनमध्ये पेगासस (फोनमध्ये गुपचूप शिरून सगळं वाचणारं, ऐकणारं हेरगिरीचं सॉफ्टवेअर) असेल का, ही तुमची शंका आहे.

पेगाससची भीती खोटी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेला दोन भारतीय पत्रकारांच्या आयफोनमध्ये त्याच्या खुणा सापडल्या होत्या. आयफोन असेल तर लॉकडाऊन मोड (अशा हल्ल्यांपासून जादा संरक्षण देणारं सेटिंग) चालू करा, अपडेट टाळू नका. पण बिल्डरला एवढा खर्च करायची गरजच काय? त्याचं काम सीडीआरवर, म्हणजे मोबाइल कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींवर भागतं. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआरची बेकायदा विक्री उघड केली, त्यात खासगी डिटेक्टिव्ह पकडले गेले. सीडीआरमध्ये बोलणं नसतं. कोणाला, कधी, किती वेळ आणि कुठल्या टॉवरखालून, एवढंच असतं. तुमचा सोर्स उघडा पडायला तेवढं पुरे.

म्हणून वॉर्ड ऑफिसमधल्या तुमच्या सोर्सला साधा कॉल कधीच नको. सिग्नल हे एन्क्रिप्टेड मेसेजिंग ॲप वापरा, मेसेज आपोआप पुसले जातील असं ठेवा. भेटायला जाताना फोन ऑफिसात चालूच ठेवून जा. सोबत नेऊन वाटेत बंद करू नका. दोघांचे फोन एकाच भागात एकाच वेळी बंद पडले, तर तीही खूणच.

आता रस्त्यावरचं. मुंबईतले पत्रकार जे. डे यांना ११ जून २०११ रोजी पवईत भरदिवसा गोळ्या घातल्या. राजापूरला फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या अंगावर गाडी घातली गेली. दोघंही दुचाकीवर होते. रोजची वेळ आणि रस्ता बदला, हे सगळेच सांगतात. माझ्या मते त्याहून मोठं संरक्षण म्हणजे कागदपत्रं संपादक आणि वकील दोघांकडे असणं, आणि ती तशी आहेत हे समोरच्याला कळणं. तुम्हाला गप्प करून बातमी थांबत असेल, तरच तुमच्यावर हात टाकण्यात त्याचा फायदा.

पोलीस ठाण्यात एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) बोळवण होऊ देऊ नका. पत्रकारांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. मात्र तो नोकरीवर किंवा कंत्राटावर असलेल्या पत्रकारांसाठी आहे. फ्रीलान्स असाल तर संपादकाकडून कामाचं पत्र आजच घ्या (मागायला लाजतात लोक, कमाल आहे).

आणि ते नंबर ब्लॉक करू नका. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ घालून लेखी तक्रार द्या, आणि पोचीचा शिक्का मिळाल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.