मुलांना घेऊन युरोपात गाडीनं : वाचकांचे प्रश्न

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जूनमध्ये १० दिवसांत म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, व्हेनिस, फ्लॉरेन्स, झुरिच आणि परत म्युनिक असा बेत आहे. रोज तीन-चार तास गाडी चालवायची आमची तयारी आहे. जमेल ना?

चालवणाऱ्याला जमेल, मागे बसणारीला नाही. हा फेरा दोन हजार किलोमीटरच्या वर जातो. नकाशावरचे चार तास लहान मूल बरोबर असलं की सहज सहा होतात. शू, भूक, घाटात उलटी, आणि कधी नुसतंच ‘मला उतरायचंय’. शिवाय जूनमध्ये आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. घरी सातला उठणारी मुलगी पहिले काही दिवस पहाटे साडेतीनला टक्क जागी होईल आणि संध्याकाळी लवकर पेंगुळेल. रात्रीच्या विमानानं उतरून त्याच दिवशी उजव्या बाजूच्या वाहतुकीत गाडी हातात घेऊ नका, एवढं माझं ऐकाच.

मी असं सुचवेन : पहिल्या तीन रात्री म्युनिकमध्ये, गाडीशिवाय. तिथल्या डॉइचेस म्युझियममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय) लहान मुलांसाठी वेगळा विभाग आहे. गाडी शहर सोडायच्या सकाळी घ्या, म्हणजे पार्किंगचे पैसेही वाचतील. मग तीन रात्री ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकजवळ (सुमारे १६० किमी) आणि उरलेल्या ब्रेनर घाटापलीकडे इटलीतल्या बोल्झानोच्या आसपास (आणखी सुमारे १२० किमी). त्या भागात शेतकऱ्यांच्या घरी राहायची चांगली सोय असते. गोठा, कोंबड्या, अंगण असलं की साडेतीन वर्षांच्या मुलीला दुसरं काही दाखवावं लागत नाही. बोल्झानोहून केबलकारनं रेनॉनच्या पठारावर गेलात, तर वर छोटी आगगाडीही आहे. गाडी चालवायची ती दुपारच्या झोपेच्या वेळात. फक्त जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी ब्रेनर टाळा, तेव्हा तिथे रांगा लागतात. व्हेनिस, फ्लॉरेन्स ती दहा वर्षांची झाल्यावर बघा, तेव्हा तिलाही ती आठवतील.

कार सीट इथून न्यावी की तिकडे भाड्यानं घ्यावी?

तुमच्या सीटवर वर्तुळातला ‘ई’ आणि आर-४४ किंवा आर-१२९ असा शिक्का (युरोपातल्या सुरक्षा-मानकांची खूण) असेल, तर आपलीच न्या. मूल तिला सरावलेलं असतं आणि बऱ्याच विमान कंपन्या ती वेगळे पैसे न घेता नेतात. भाड्याची सीट कधीकधी वयाला चुकीची निघते, आणि विमानतळावर रात्री दहाला ती बदलून मिळणं कठीण. मांडीवर बसवणं तिथे चालत नाही. जर्मनीत वय १२ किंवा उंची १५० सेंमी होईपर्यंत सीट किंवा बूस्टर (मोठ्या मुलांसाठीची उंच बैठक) लागतो. ऑस्ट्रियात १४ वर्षं किंवा १३५ सेंमी. गाडी इटलीतच भाड्यानं घेणार असाल आणि मूल चार वर्षांखालचं असेल, तर मूल गाडीत विसरलं गेल्यास इशारा देणारं उपकरणही सीटला हवं. २०१९पासून तिथे तो कायदा आहे.

मुलगा बाहेरचं खात नाही. घरचं काय काय नेता येईल?

मेतकूट, नाचणीचं सत्त्व, भाजणी, मुगाची डाळ, तांदूळ खुशाल न्या. तूप, पेढे, पनीर मात्र नको : युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. तान्ह्या बाळाच्या दूधपावडरीला, बंद पाकिटात दोन किलोपर्यंत, सूट आहे. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. दही, लोणी, दूध कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं. पण जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी ही दुकानं बहुतेक बंद असतात. दूध आणि डायपर शनिवारीच भरून ठेवा. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्थानकातली किंवा महामार्गावरची दुकानं उघडी असतात.

भारतीय परवाना चालतो का? टोलचं काय?

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. एकट्या कागदावर भागत नाही. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आरक्षण करतानाच तसं सांगा. सीमा ओलांडणार हेही लेखी कळवा. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी विन्येट (ठरावीक मुदतीचा रस्ता-पास) घ्यावं लागतं, ब्रेनरच्या रस्त्याचा टोल त्याहून वेगळा. इटलीत बहुतेक महामार्गांवर अंतराप्रमाणे टोल आहे, आणि जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेला भाग) लिहिलेली पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो. दंड काही महिन्यांनी घरी येतो, आणि गाडी देणारी कंपनी आपलं शुल्क वेगळं कापते. हॉटेल त्या भागात असेल, तर तुमचा गाडी नंबर नोंदवायला त्यांना आधीच सांगा.