आधी कागद, मग मेगावॅट

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सौर प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीत नोकरी चालून आली आहे, वडील औष्णिक केंद्रात सीएचपीला, म्हणजे कोळसा हाताळणी विभागात, ठेक्यावर, आणि घरात तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलत नाही. "काका, मी नेमकी कुणाच्या बाजूची?" असं विचारलंस. वाचून जीव तुटला. पण त्याच पत्रात पुढे लिहिलंस, "एकदा प्रकल्प उभे राहिले की बाबांसारख्यांचंही कुणीतरी बघेलच." इथे मात्र मला राग आला. कोण बघेल? नाव सांग. कुठल्या आदेशात लिहिलंय, तारीख सांग. सांगता येत नसेल तर कुणीही बघणार नाही, हे आत्ताच धरून चाल.

कोळशाचं काय करायचं यावर तुझ्यामाझ्यात वाद नाही. तू चंद्रपुरात वाढलीस. दोरीवर वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी कसा होतो, ते तुला माहीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रं जाहीर केली, त्यात आपलं गाव होतं. भारतानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिलाय. विजेच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा २०२५ मध्येच कोळसा, वायू, तेल सोडून इतर स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष वापरातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे, म्हणजे हाती थोडी वर्षं आहेत. त्या वर्षांत काय लिहून घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे. माझं म्हणणं तू ऐकलेलं आहेस, तरी पुन्हा सांगतो: आधी कागद, मग मेगावॅट.

वीज स्वच्छ असली की न्याय आपसूक येतो, हा भ्रम तुमच्या पिढीत फार आहे. मुळशी बघ. १९२१ साल. मुंबईला पाण्यावरची वीज द्यायची म्हणून टाटांचं धरण. धूर नाही, राख नाही, आजच्या निकषावर एकदम स्वच्छ. त्या स्वच्छ विजेखाली मावळातली भातखाचरं जाणार होती, म्हणून सेनापती बापट शेतकऱ्यांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले. सत्याग्रह मोडला, धरण झालं. पुढे कोयना. त्या पाण्यानं महाराष्ट्राचे कारखाने चालवले, आणि तिथून उठलेल्या गावांची नातवंडं पर्यायी जमिनीसाठी आंदोलनाला बसलेली आपण आपल्या डोळ्यांनी पाहिली. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये. कोयनेची वीज तोवर कधीच वाहू लागली होती. वरातीमागून घोडं. आपल्या राज्याची ही जुनी खोड आहे.

आणि कागद मिळाला म्हणून घरी जाऊन झोपायचं नसतं, हे गिरणगावानं शिकवलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनीतला वाटा म्हाडाला आणि महापालिकेला मिळावा, असा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ मध्ये तो बदलला आणि तो वाटा आक्रसला. टॉवर उभे राहिले. गिरणी कामगार घरांच्या सोडतीची वाट बघत म्हातारे झाले. तेव्हा कागदही घ्यायचा आणि त्यावर पहाराही ठेवायचा.

आता तुझ्या वडिलांचं. त्यांच्याकडचे जुने गेटपास कधी नीट पाहिलेस का? पाहा. फोटोतला माणूस तोच, काम तेच, कोळसा वाहणारा बेल्टही तोच. दर एक-दोन वर्षांनी फक्त ठेकेदाराचं नाव बदलतं. केंद्र बंद होतं तेव्हा हिशेबाला बसतो तो शेवटचा ठेकेदार, आणि त्याच्या वहीत तुझे वडील असतात अकरा महिन्यांचे. बंद होणाऱ्या आस्थापनेतल्या कामगाराला सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन भरपाई द्यायची, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण वर्षंच मोजली गेली नाहीत तर पंधरा दिवस कशाला गुणायचे? कायद्यात पळवाट शोधायची गरजच पडत नाही. नुसतं ठेकेदाराचं नाव बदलत राहिलं की झालं.

एका केंद्रातला वीजनिर्मितीचा जुना संच बंद झाला, तेव्हा मी कामगार संघटनेच्या बाजूनं बोलणीला होतो. केंद्राचं नाव सांगत नाही. कायम कर्मचाऱ्यांची यादी पहिल्याच बैठकीत टेबलावर आली. कोण कुठल्या केंद्रात बदलून जाणार, कुणाला क्वार्टर, कुणाच्या पोरांच्या शाळेचं काय, सगळं. ठेक्यावरच्यांची यादीच नव्हती. विचारलं तर उत्तर आलं की ते आमचे कामगार नाहीत, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, माझं काम संपलं. राखेच्या पंपावर उमेदीची वर्षं घालवलेला एक गडी माझ्या शेजारी बसला होता, कुलपाची किल्ली अजून खिशात. त्यानं मला विचारलं, "भाऊ, मी कुणाचा?" मला त्याला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न अजून माझ्या छातीवर बसलेला आहे. दिल्लीचं बदरपूर केंद्र २०१८ च्या ऑक्टोबरात बंद झालं, तेव्हाही मी हाच विचार करत होतो. कायम माणसाची बदली होते. ठेक्यावरच्या माणसाची बदली कुठे करणार?

म्हणून मी सेवा माणसाची मोजा म्हणतो, ठेक्याची नाही. केंद्र बंद होण्याची तारीख ठरायच्या आत प्रत्येक ठेका कामगाराच्या सलग सेवेचा तक्ता व्हायला हवा, आणि त्याखाली मूळ मालकाची, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या कंपनीची सही. हे नंतर होत नसतं. नंतर गेट बंद असतं, कार्यालय हललेलं असतं, रजिस्टरं पोत्यात गेलेली असतात.

पैसा नाही म्हणतात. या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. एक मोठा संच दिवसाला हजारो टन कोळसा खातो, तेव्हा गणित तूच कर. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा पैसा राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईच्या उपकराकडे वळला. २०२५ च्या सप्टेंबरात तो उपकरही संपला. इतकी वर्षं कोळशाच्या नावानं गोळा झालं, त्यातलं कोळशावर जगणाऱ्या मजुराच्या नावानं किती ठेवलं गेलं? त्याच्यासाठी वेगळं काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून ठेवलं गेलं नाही. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणींचे लिलाव सुरू होण्याआधीच्या जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या, म्हणजे रॉयल्टीच्या, ३० टक्क्यांपर्यंत रक्कम खाणबाधितांसाठी जमा होते. पाणी, आरोग्य, शिक्षण, कौशल्य यांना त्यात प्राधान्य आहे. हा पैसा आत्ता, आज, आपल्या जिल्ह्यात आहे. कौशल्य म्हणजे चार भिंतींचं प्रशिक्षण केंद्र आणि त्यावर पाटी, असं होऊ द्यायचं नाही. बेल्टवरचा माणूस कुठलं काम शिकणार, तेवढे दिवस त्याची चूल कशी पेटणार, हे आराखड्यात लिहून घ्यायचं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्यासाठी पंधरा दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम ठेवली आहे. पन्नाशीचा माणूस पंधरा दिवसांच्या मजुरीत काय नवं शिकेल, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

बंद होणाऱ्या खाणीचंही तेच. २००९ पासून कोळसा खाणीच्या मालकाला खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी दरवर्षी वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. तो आराखडा मागून वाच. खड्डा, माती, झाडं यांची पानंच्या पानं सापडतील. माणसाला किती पानं आहेत, ते मोज.

आता तुझ्या सौर कंपनीकडे येतो, कारण तिथेही मी हेच म्हणणार आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या भीतीनं पाणी द्यायला जाणारा माणूस ज्यानं पाहिला, तो शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या विरोधात जाऊ शकत नाही. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरसाल ३ टक्के वाढ, हेही बरं आहे. पण भाडं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतं. त्याच्या शेतावर निंदायला जाणाऱ्या बाईला काय? गायरानावर शेळ्या चारणाऱ्याला काय? कर्नाटकात पावागडला सुमारे १३ हजार एकरांवर सौर पार्क झालं. जमीनमालकांना भाडं मिळालं, शेतमजुरांच्या हातचं काम गेलं. पॅनल पुसायला आणि राखणीला माणसं किती लागतात? धुळ्यात विखरणचे शेतकरी धर्मा पाटील वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी वणवण फिरले आणि २०१८ च्या जानेवारीत त्यांनी मंत्रालयात विष घेतलं. ऐंशी ओलांडलेला माणूस. सौर म्हटल्यावर जमिनीचा हिशेब मऊ होत नाही.

स्वस्त विजेबद्दलही तू भाबडेपणानं लिहिलंस. छतावरच्या सौर संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, चांगलं आहे. पण ज्याला स्वतःचं छत आहे त्यालाच ते घेता येतं. भाड्याच्या खोलीतल्या माणसाला छत नाही. जास्त युनिट वापरणारे आणि जास्त दर देणारे ग्राहक छतावर गेले की तारा, रोहित्रं, कर्ज यांचा खर्च उरलेल्यांच्या बिलात उतरतो. हे अडवायचं तर वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीला जावं लागतं. दरवाढीची याचिका किचकट असते. तरी वाच. तू शिकलेली आहेस, वाचायला कंटाळू नको.

मला माहीत आहे, चंद्रपुरात माझ्याबद्दल काय बोलतात. म्हातारा कोळशाचा वकील आहे, प्रत्येक कामात खोडा घालतो, याच्यामुळे बोलणी लांबतात. हो, लांबली. दोन वेळा मी सही करायला नकार दिला, आणि दोन्ही वेळा माझे स्वतःचे सहकारी माझ्यावर चिडले. पण दुसऱ्या वेळी ठेका कामगारांची यादी जोडली गेली, त्याचसाठी मी बसून राहिलो होतो. त्या यादीतल्या माणसांना आज थोडं का होईना निवृत्तिवेतन लागू आहे. मी आडमुठा आहे म्हणून ते झालं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तसाच बसेन. जे मला घाईची कारणं सांगतात, त्यांच्यापैकी एकाच्याही घरात चूल विझलेली मी पाहिलेली नाही.

तर कुणाच्या बाजूची? हा प्रश्न सोडून दे. नोकरी घे. तुझ्यासारखी माणसं आत नसतील तर करारात मजुराचं कलम कोण घालणार? रुजू झालीस की पहिल्याच प्रकल्पाची कागदपत्रं माग. जमीन कुणाची, त्यावर आजवर कोण राबत होतं, बांधकाम संपल्यावर गावातली किती माणसं कामावर राहणार आणि कुणाच्या पगारपत्रकावर, हे विचार. लोक म्हणतील, हे तुझ्या कामात येत नाही. येतं. लेखी उत्तर माग, मिळेपर्यंत माग.

आणि वडिलांशी सौर-कोळसा यावर बोलू नको, त्यानं काही साधणार नाही. त्यांच्याजवळ बस आणि सगळे गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड तारखेवार लाव. यूएएन, म्हणजे ठेकेदार बदलला तरी तोच राहणाऱ्या नंबरवरून भविष्य निर्वाह निधीचं पासबुक काढ, २०१४ नंतरचे बहुतेक ठेकेदार त्यात सापडतील. त्याआधीच्या वर्षांसाठी बरोबर काम केलेल्या दोघातिघांचे जबाब लागतील, ते मी गाठून देतो. येत्या रविवारी दोघंही या. तक्ता पूर्ण व्हायला दुपार जाईल, तेव्हा सकाळीच निघा.

तुझा
काका