बटलरचं नेमकं काम काय असतं? आई-वडिलांच्या घरी असा माणूस ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की आई-वडील पुण्यात एकटे असतात, तुम्ही परदेशात. घरी स्वयंपाकाच्या बाई, ड्रायव्हर, माळी आहेतच, तर या सगळ्यांवर एक बटलर नेमावा का? आणि शेवटी विचारलंय, "तो म्हणजे सूटबूट घातलेला नोकरच ना?" त्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. माझ्या वडिलांनी सोलापुरात उमेदीची सगळी वर्षं हेच काम केलं.

इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत बटलर हा पुरुष नोकरांचा प्रमुख. जेवणघर, चांदीची भांडी आणि दारूचं तळघर त्याच्या ताब्यात. बायकामाणसांची कामं हाउसकीपर बघायची. चांदीच्या कुलपाजवळच झोपणारे बटलरही असत. तिकडे 1777 पासून 1937 पर्यंत पुरुष नोकर ठेवला की सरकारला कर भरावा लागे, त्यामुळे बटलर परवडणं ही ऐपतीची गोष्ट होती. आजचा बटलर घरखर्चाचं बजेट, दुरुस्त्या, पाहुणे, प्रवास, बाकीच्या नोकरांच्या रजा असं सगळं बघतो. चहाचा ट्रे आणून द्यायला माणूस हवा असेल तर त्यासाठी बटलर शोधू नका. आणि हे विलायती खूळ आहे असंही समजू नका. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांची यादी बघा. मुदपाकखाना, आबदारखाना, जामदारखाना, फरासखाना, म्हणजे स्वयंपाक, पाणी, कपडालत्ता आणि बिछायती, प्रत्येकाचं खातं वेगळं. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, ही चारही खाती एकटे सांभाळायचे.

रेल्वे लाइन्स भागात एका सूत-व्यापाऱ्यांचा बंगला होता. एकत्र कुटुंब, सतत पाहुण्यांची वर्दळ. अप्पांना तिथं सगळे दिवाणजी म्हणायचे. चांदीचं प्रत्येक भांडं वहीत वजनासकट लिहिलेलं असायचं. सणाच्या आधी ती भांडी रिठ्याच्या पाण्यात धुऊन जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायची, रांगोळीनं घासू द्यायचे नाहीत, चरे पडतात म्हणून. सण झाला की वजन करून परत कुलपात.

पण सोलापुरातलं खरं तळघर म्हणजे पाण्याचा हौद. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, हे सोलापूरकराला सांगायला नको. अप्पांकडे एक बांबूची काठी होती, तिच्यावर चाकूनं खाचा पाडलेल्या. रोज पहाटे हौदाचं झाकण सरकवून ती आत सोडायची आणि ओली खूण कुठवर आली ते बघायचं. वरच्या खाचेखाली पाणी गेलं की बाग बंद. त्याच्या खालची खाच उघडी पडली की गाड्या धुणं बंद. मग मालकांनी स्वतः सांगितलं तरी गाडी धुतली जायची नाही, आणि मालकही मुकाट्यानं ऐकायचे.

एका वर्षी गड्ड्याच्या जत्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, बंगला पाहुण्यांनी भरला होता. घरातले पुरुष नंदीध्वजाच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीत जाणार, त्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) इस्त्री करून, नावाच्या चिठ्ठ्या लावून ओळीनं ठेवलेल्या. अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे जत्रेतल्या देवाच्या लग्नाच्या, आदल्या रात्री पाणी यायचं होतं, आणि जलवाहिनी फुटल्यामुळं ते आलं नाही. आख्ख्या भागात बोंबाबोंब. मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद, टँकर आत यायचा प्रश्नच नव्हता. बंगल्यात मात्र कुणाला काही कळलंच नाही, कारण अप्पांनी दोन दिवस आधीच टँकर मागवून हौद काठोकाठ भरून घेतला होता. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी त्यांची रोजची बोलाचाली होती, त्याच्या बोलण्यातून त्यांनी काय ते ओळखलं. हौद भरला त्या रात्री मीही तिथं होतो, शाळकरी पोरगा, थंडीनं कुडकुडत. "बघत काय उभारलास? पाइप धर," एवढंच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या, पंगती उठल्या. घरातल्या वयस्कर अव्वांना साखरेचा त्रास, त्यांची भाकरी पंगतीची वाट न बघता ठरल्या वेळी त्यांच्या खोलीत गेली. ड्रायव्हर मंडळींना आधी जेवू घातलं. पाहुण्यांतले एक गृहस्थ अप्पांना बोलावून म्हणाले, "व्यवस्था असावी तर अशी."

याच गृहस्थांच्या पुतण्याचं स्थळ पुढं माझ्या ताईसाठी आलं. पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडली आणि मग निरोप आला की मुलीचे वडील घरगडी आहेत, जमणार नाही. माझे मामा बँकेत होते. ते घरी येऊन अप्पांवरच चिडले. "दाजी, किती वेळा सांगितलं, प्रायव्हेट कंपनीत मॅनेजर आहे म्हणा!" अप्पा म्हणाले, "माझं काम त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आता सांगायचं काय राहिलं?" ताईचं लग्न पुढं चांगल्या घरात झालं. मामा मात्र अजूनही प्रत्येक कार्यात तो विषय काढतात, की दाजींनी हट्ट केला नसता तर पोरीला दोन वर्षं थांबावं लागलं नसतं.

मामा, परक्याची बँक चालवणं मानाचं आणि परक्याचं घर चालवणं कमीपणाचं, हा हिशोब मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. तुमच्या कॅशची टॅली संध्याकाळी व्हायची, अप्पांच्या वहीचीही व्हायची. वर त्यांना माणसं सांभाळायची होती. त्या बंगल्यातल्या भावाभावांत वाटणी होणार हे आम्हाला बाजारातून कळलं. अप्पांना ते कितीतरी आधीपासून ठाऊक असणार, पण आईलासुद्धा त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तोंड बंद ठेवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम, आणि त्याचा वेगळा पगार कुणी देत नाही.

आता तुमच्याबद्दल. माणूस ठेवलात तर किल्ल्या आणि खर्चाची वही त्याच्या हातात द्या, आणि बाकीच्या तिघांना सांगा की रजा त्याला विचारून घ्यायची. हे करायची तयारी नसेल तर तुम्ही आणखी एक नोकर वाढवताय, दुसरं काही नाही. हुकूम एकाच्याच तोंडून जाऊ दे. सकाळी आईनं एक सांगायचं आणि रात्री तुम्ही व्हिडिओ कॉलवरून दुसरंच, असं झालं की चांगला माणूस महिन्याभरात निघून जातो. त्याचा पगार ड्रायव्हरच्या पगाराशी तोलू नका. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, घरातल्या बाईंची त्याखाली नोंदणी झालीय का तेही या निमित्तानं बघा. पोलीस पडताळणी सगळ्यांचीच करून घ्या. त्याच्यासाठी वेगळं ताट-वाटी ठेवायचा विचार असेल तर कृपया कुणालाच ठेवू नका.

एक सांगायचं राहिलं. मी लिहितोय ते भरल्या बंगल्याबद्दल. तुमचे आई-वडील दोघंच, घर फ्लॅटचं नसलं तरी छोटं असेल, तर पूर्णवेळ माणसाला दुपारनंतर काम उरणार नाही आणि आईला घरात परका माणूस सतत वावरलेला आवडेलच असं नाही, आधी तिला विचारा. आणि वडिलांच्या आजारपणामुळं हे सगळं मनात आलं असेल, तर प्रशिक्षित अटेंडंट वेगळा घ्या. ते बटलरचं काम नाही.