माझं सबमिशन सगळ्यांना का दाखवायचं?

प्रश्न : मॅडम, मी नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी यंदा फाईलऐवजी संत्र्यावरच्या कोळशीबद्दल (काळ्या माशीमुळे पानांवर येणाऱ्या काळ्या बुरशीबद्दल) मराठी विकिपीडियावर लिहायला आणि आमच्या काटोलच्या बागेतले फोटो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावर टाकायला सांगितलं आहे. चुका सगळ्यांना दिसतील. शिवाय कोणी माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं तर?

उत्तर : बाळा, भीती वाटणारच. फाईलमधली चूक फक्त सरांना दिसते. विकिपीडियावर पानाच्या 'इतिहासा'त प्रत्येक बदल नोंदला जातो. म्हणून आधी धूळपाटीवर, म्हणजे तिथल्या सरावाच्या पानावर लिही, मैत्रिणींना वाचायला दे आणि मगच लेखात टाक. खातं खऱ्या नावानेच काढावं लागत नाही. टोपणनाव घे, ते सरांना कळलं म्हणजे पुरे. मार्कांसाठी विद्यार्थ्याला स्वतःची ओळख उघडी करायला लावणं मला अजिबात मान्य नाही, हे सरांनाही खुशाल दाखव.

आता मालकीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तू लिहिलेल्याची, काढलेल्या फोटोची पहिली मालक तूच. विकिपीडियावर लिहिताना तू सीसी बाय-एसए परवाना देतेस : कोणीही वापरावं, बदलावं, विकावंसुद्धा, पण श्रेय द्यावं आणि बदललेलं कामही तसंच खुलं ठेवावं. श्रेय गाळलं तर परवाना मोडला. मात्र ही परवानगी एकदा दिली की मागे घेता येत नाही. तेव्हा जे द्यायचं नाही ते टाकूच नकोस.

पाठ्यपुस्तकातले परिच्छेद उतरवू नकोस, आणि 'बाबा सांगतात' हा तिथे संदर्भ धरत नाहीत. प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह आधार लागतो.

तरीही तू लिहावंस असं मला मनापासून वाटतं. परीक्षा झाली की फाईल रद्दीत जाते. माझ्या वर्गातल्या मुली उघड्यावर लिहायचं म्हटल्यावर एकेका वाक्यासाठी लायब्ररीत जाऊन बसल्या, भांडल्या, पुन्हा लिहिलं. कोळशीबद्दल मराठीत नीट लिहिलेलं काटोल-वरुडच्या बागायतदाराला मोबाईलवर सापडलं तर त्याच्या कामाचं आहे.

फोटो सकाळच्या उजेडात काढ. पानावरची काळी बुरशी सगळेच टिपतात. तू पान उलटून घे, काळ्या माशीची पिल्लं खालच्या बाजूला चिकटलेली असतात.