छत्रपती संभाजीनगरहून गड आणि वायनरी एकाच सहलीत जमेल का?

दोन दिवसांत एखादा गड चढायचा आणि एखादी वायनरीही बघायची, संभाजीनगरहून कुठं जाऊ, असं तुम्ही विचारलंय. जमतं, आणि मनापासून सांगतो, फार छान जमतं. आमचा ग्रुप दर हिवाळ्यात जातो.

गड मराठवाड्यात हवे तेवढे आहेत: देवगिरी, अंतूर, वेताळवाडी. वायनरीसाठी मात्र नाशिककडं वळावं लागतं. आपल्याकडं जालन्याच्या कडवंचीनं शेततळ्यांच्या पाण्यावर द्राक्षात नाव काढलंय, पण ती खायची द्राक्षं. वाइनचं द्राक्ष वेगळं, मणी बारीक, साल जाड, आत बिया. त्या सालीतच रेड वाइनचा रंग असतो, म्हणून रेड सालीसकट आंबवतात आणि व्हाइटचा रस आधीच गाळून घेतात.

वैजापूर–येवला रस्ता धरा. येवल्याहून मनमाडकडं वळलं की अंकाई-टंकाई ही जोडगोळी दिसते. पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत पायथ्याला पोचता. गाडी नसेल तर मनमाडची रेल्वेही अंकाईवरूनच जाते, फक्त तिथं थांबणारी गाडी बघून घ्या. चढताना टंकाईच्या अंगाला जैन लेणी लागतात, तिथं घाई करू नका, दारांवरचं कोरीवकाम निवांत बघण्यासारखं आहे. पुढं दोन्ही गडांमधल्या खिंडीतून अंकाईवर जायचं. एकामागोमाग दरवाजे, कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि माथ्यावर अगस्ती ऋषींची गुहा. ही सातमाळा रांग. हीच पुढं पूर्वेकडं अजिंठ्याच्या डोंगरांना मिळते, त्यामुळं मराठवाड्याच्या माणसाला इथला काळा कातळ ओळखीचा वाटतो. मला तरी वाटतो.

उतरून जेवण करा आणि नाशिकचा रस्ता धरा. वाटेत विंचूरला एमआयडीसीचा वाइन पार्क आहे, पण तिथं मुख्यतः कारखाने, त्यामुळं आधी फोन करूनच थांबा. पहिल्यांदाच जात असाल तर नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडची सुला ही वायनरी बरी. त्यांची पहिली वाइन २००० साली आली, आणि नाशिकला वायनरी बघायला जायची सवय लोकांना त्यांनीच लावली. स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं दाखवतात, मग चाखायला देतात. शनिवार-रविवारी गर्दी असते, बुकिंग करून जा.

दुसऱ्या दिवशी माझी पसंती कावनईला. इगतपुरी तालुक्यातला छोटा गड, दरवाजा अजून शाबूत, माथ्यावर तळं आणि देवीचं मंदिर. व्हॅलोन ही वायनरी याच कावनईच्या शिवारात आहे. सकाळी गड, दुपारी शांतपणे जेवण आणि दोन-तीन वाइनची चव. इतका जुळून आलेला दिवस मला दुसरीकडं मिळाला नाही. एवढं लांब जायचं नसेल तर नाशिक शहराजवळचा रामशेज करा. संभाजी महाराजांच्या काळात मुघलांना वर्षानुवर्षं दाद न देणारा हा गड चढायला सोपा आहे.

जायचं ते फेब्रुवारीत. बागेची छाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. तेव्हा वेलीवर घड असतात आणि वायनरीत गाळपाची धावपळ. पावसाळ्यात गड हिरवेगार दिसतात, पण बागेत बघायला पानंच.

आता ज्याबाबत मी अजिबात ऐकून घेत नाही ते. आधी गड, मग वाइन, हा क्रम उलटा करू नका. दारूनं शरीरातलं पाणी कमी होतं आणि तोल जातो, आणि अंकाईच्या कातळपायऱ्यांवर दोन्ही महागात पडेल. गडावर बाटली न्यायचीच नाही, रिकामीसुद्धा नाही. टाक्यांच्या काठी फुटलेल्या काचा बघून जीव तुटतो. गाडी चालवणाऱ्यानं घोटही घेऊ नये. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, आणि घाटात तेवढंही नकोच. ड्रायव्हर ठरवून घ्या किंवा आळीपाळीनं एकानं त्या दिवशी द्राक्षाचा रस घ्यावा.

बाटल्या घ्यायच्या तर परतीच्या दिवशी, शेवटच्या थांब्यावर घ्या. डिकीत ठेवून गड चढायला गेलात तर उन्हानं वाइन बिघडते, आणि संभाजीनगरला पोचेपर्यंत तिची चव गेलेली असते.