वाचकांचे प्रश्न : तरफांचा नाद आणि नॉर्वेची वाट

प्रश्न : मी सांगलीत राहते. संगीत हा विषय घेऊन बी. ए. केले असून व्हायोलिनमध्ये विशारद झाले आहे. नॉर्वेतील हार्डांगर फिडल या व्हायोलिनसारख्या लोकवाद्याचे वादन ऐकल्यापासून ते डोक्यातून जात नाही. त्यातला गुंजणारा नाद थेट सारंगीची आठवण करून देतो. नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातील देशांच्या, संगीतात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे वाटते, पण पाश्चात्त्य स्वरलिपी मला जेमतेम वाचता येते. मला प्रवेश मिळू शकेल का? तयारी कोठून करावी? वडिलांना खर्चाची काळजी आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या कानाने जे टिपले ते अगदी बरोबर आहे. हार्डांगर फिडलला वाजवायच्या चार तारा असतात आणि त्यांच्याखाली, घोडीतून (तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यातून) ओवून बोटे ठेवायच्या पट्टीखालून नेलेल्या, बहुधा चार किंवा पाच तारा असतात. त्यांना गज लागत नाही, वरच्या तारांच्या कंपनाने त्या आपोआप बोलू लागतात. आपण ज्यांना तरफा म्हणतो त्या याच. या जातीची सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी फिडल १६५१ सालची मानली जाते. मात्र या साम्यावरून तरफांची कल्पना भारतातून तिकडे गेली असे विधान अर्जात करू नका. ते सिद्ध करणारा पुरावा तुमच्या हाती नाही, आणि परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

तुम्हाला वादन करायचे आहे की संशोधन, हे आधी ठरवा. वादनाकडे ओढा असेल तर ‘नॉर्डिक मास्टर इन फोक म्युझिक’ हा संयुक्त अभ्यासक्रम तुमच्यासाठी सर्वांत जवळचा आहे. स्टॉकहोमचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक, हेलसिंकीची सिबेलियस अकादमी, डेन्मार्कची राष्ट्रीय संगीत अकादमी आणि नॉर्वेतील व्हॉस येथील ओले बुल अकादमी यांनी मिळून तो उभा केला असून दोन वर्षांत १२० श्रेयांक पूर्ण करताना विद्यार्थी एका देशातून दुसऱ्या देशात शिकत जातात. लयीचे किंवा वाद्यांचे संशोधन करायचे असेल, तर ओस्लो विद्यापीठाच्या संगीतशास्त्र विभागाकडे पाहावे. तेथील ‘रित्मो’ हे केंद्र लयीवरच काम करते. यंदा प्रवेश खुले आहेत का आणि अर्जाची मुदत कधी संपते, हे संस्थेच्या प्रवेश विभागाकडून लेखी मागवा. तुमची बी. ए. ची पदवी त्यांना पुरेशी आहे का, हेही त्याच पत्रात विचारा, कारण विशारद हे तुमच्या वादनाचे प्रमाण असले तरी विद्यापीठाच्या पदवीची जागा ते घेईलच असे नाही.

स्वरलिपीची भीती मात्र मनातून काढून टाका. नॉर्वेतील फिडलवादक पिढ्यान्‌पिढ्या कानाने शिकत आले आहेत, त्यामुळे ज्याला आपण गुरुमुखी विद्या म्हणतो ती त्यांना नवी नाही. उलट, लिहून ठेवताना काय निसटते याचा दाखला त्यांच्याच इतिहासात आहे. क्नूट डाले या वृद्ध वादकाला आपल्या चाली आपल्याबरोबर संपतील अशी भीती वाटत होती. त्याचे वादन ऐकून नॉर्वेचे व्हायोलिनवादक योहान हाल्वोर्सन यांनी त्या लिहून घेतल्या आणि तिथलेच संगीतकार एडवर्ड ग्रीग यांनी त्यांवरून पियानोसाठी केलेल्या रचना १९०३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या रचना मोठ्याच आहेत, पण फिडलच्या तळच्या तारांचा नाद पियानोत येणार कसा? वादन ऐका, मग ग्रीग ऐका, मग पुन्हा वादन ऐका. हा अभ्यास सांगलीत घरी बसूनही होतो.

खरी अडचण लयीत येईल. ‘स्प्रिंगार’ हा तीन ठोक्यांचा नृत्यप्रकार आहे, पण ते तीन ठोके सारख्या लांबीचे नसतात. टेलेमार्क भागातल्या स्प्रिंगारमध्ये पहिला लांब, दुसरा मध्यम आणि तिसरा आखूड असतो. वाल्ड्रेस भागात हा क्रम बदलतो. समान मात्रांच्या ठेक्यावर वाढलेल्या आपल्या हाताला तो प्रथम ‘ताल सुटल्या’सारखा वाटतो. तबल्याच्या ॲपवर तो बसवू पाहू नका. नर्तकांची चित्रफीत लावून त्यांच्या पावलांबरोबर आपले पाऊल टाकायला शिका, कारण ही लय पावलांत आहे आणि वादकसुद्धा पाय आपटतच वाजवतो.

एक काम मात्र तुम्ही जाण्यापूर्वी केलेच पाहिजे, आणि त्यासाठी मिरजेपलीकडे जावे लागणार नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारी बनवणाऱ्या एखाद्या कारागिराच्या परवानगीने काही दिवस नुसते बसा. वर टांगलेले सुकते भोपळे, घोडीवर कानस अगदी हलकी फिरवून तार छेडणे, पुन्हा कानस, पुन्हा तार, आणि एका क्षणी नाद उघडताच कारागिराचा हात थांबणे, हे सारे डोळ्यांनी पाहा. सतारीच्या तरफा रागाच्या स्वरांना लावतात. हार्डांगर फिडलवर चालीप्रमाणे वरच्या तारांचा मेळ, म्हणजे त्या कोणत्या स्वरांना लावायच्या ते, बदलतो, असे वीसाहून अधिक मेळ आहेत, आणि तळच्या ताराही त्या मेळाला जुळवून घ्याव्या लागतात. नाद कोठे दिसू द्यायचा आणि कोठे झाकायचा, याचा दोन्हीकडचा विचार तुम्ही शेजारी शेजारी मांडू शकलात, तर तुमच्या अर्जाला असा विषय मिळेल जो हेलसिंकीच्या विद्यार्थ्याकडे नसेल. मिरजेच्या इतक्या जवळ राहणारी व्यक्तीच तो मांडू शकते, असे मला मनापासून वाटते.

वडिलांची काळजी रास्त आहे. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क द्यावे लागते, आणि नॉर्वेच्या सरकारी संस्थांनीही २०२३ पासून ते सुरू केले आहे. त्याशिवाय निर्वाहासाठी पैसे असल्याचा पुरावा व्हिसासाठी दाखवावा लागतो. म्हणून प्रवेशाच्या पत्रातच शिष्यवृत्तीबद्दल विचारा, आणि एका देशाच्या निवास परवान्यावर दुसऱ्या देशात सत्र कसे करता येते हे विचारायला विसरू नका. सर्व आकडे हातात आल्यावर वडिलांसमोर बसा. कर्जाचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.

अर्जासोबत वादनाचे ध्वनिमुद्रण मागितले, तर नॉर्वेतली एखादी चाल घाईने बसवून पाठवू नका. तुमचा सर्वांत पक्का राग घ्या, तानपुरा नीट लावा, आणि मध्ये कोठेही न कापता आलाप वाजवा.