मुक्तीचा दाखला आहे, पण झोपडी शेठच्या सातबाऱ्यावर

प्रश्न : आम्ही भिवंडी तालुक्यातले कातकरी. लग्नासाठी घेतलेल्या पैशांपोटी वडील शेठकडे गडी होते. १९८३ मध्ये त्यांना वेठबिगारमुक्तीचा दाखला मिळाला. झोपडी आजोबांपासून शेठच्याच जागेत आहे. आता शेठच्या मुलाने नोटीस पाठवली आहे. तो म्हणतो, जुने पैसे भरा, नाहीतर जागा सोडा, किंवा स्टॅम्पपेपरवर सही करा. काय करू?

उत्तर : ताई, त्या स्टॅम्पपेपरवर वडिलांचा अंगठा अजिबात उठू देऊ नका. 'मालकाच्या परवानगीने राहतो' एवढं एक वाक्य त्यात असलं, तरी तुमचा हक्क कमजोर होतो. नोटिशीपेक्षा मला भीती त्या कागदाची वाटते.

पैशांचं सोपं आहे. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा १९७६ चा असला तरी तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला जातो. वेठीपोटीचं कर्ज त्याने संपवलं. ते आता वसूल करणाऱ्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्ज वेठीचं नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारीही सावकाराची.

घराचं जरा नीट बघावं लागेल. याच कायद्याचं कलम ८ म्हणतं, कामाच्या मोबदल्यात मिळालेल्या घरातून मुक्त वेठबिगाराला काढता येत नाही. पण कायदा लागू होण्याच्या आधीपासून तो माणूस तिथे राहत असला पाहिजे. म्हणून १९७५ पूर्वीचा पुरावा शोधा : मतदार यादी, घरपट्टीची पावती, तुमच्या मोठ्या भावंडांची जन्मनोंद, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. दाखल्याची नक्कल हरवली असेल तर तहसीलमध्ये माहिती अधिकारात मागा. घरातून काढू नये, असा अर्ज मात्र वडिलांच्याच नावाने करा, कारण दाखला त्यांचा आहे. तो प्रांताधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. उद्या जबरदस्तीने बाहेर काढलंच, तर परत ताबा देणं हे त्यांचंच काम आहे. घर पाडायला आले, तर पोलिसांत अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद द्या.

झोपडी तुम्ही स्वतःच्या खर्चाने बांधली असेल, तर कूळ कायद्याची कलमं १६ ते १८ हा दुसरा आधार. ती शेतमजुरांच्या घरांनाही लागू आहेत.

झोपडीमागचा तुकडा तुम्ही कसत असाल, तर त्याला कलम ८ चा उपयोग नाही. कायद्याने छप्पर राखलं, शेत दिलं नाही. ही त्यातली मोठीच उणीव. त्यासाठी पीकपाहणीच्या जुन्या नोंदी बघून वेगळा विचार करावा लागेल.

नोटिशीला उत्तर स्पीड पोस्टानेच द्या. वकिलाच्या फीची काळजी नको. अनुसूचित जमातीला उत्पन्न न बघता तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देते.